अर्धा वाचलेला आकडा

मागच्या महिन्यात बाळापुरातली दोन पोरं बायोडाटा तपासून घ्यायला आली. दोघंही बी.कॉम., एकाच वर्गातली. एक बौद्ध, एक मुस्लिम. बौद्ध पोरानं विचारलं, "ताई, आडनाव नाई टाकलं तं चालते का?" दुसरा हसून म्हणाला, "तुयं आडनाव तरी गाळता येते. मायं तं नावच तसं हाय."

अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी आपलं नातं आपण दर 14 एप्रिलला सांगतो. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डु बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. 1972 च्या पँथरचं नाव कुठून आलं तेही सगळ्यांना पाठ आहे. मात्र या नात्यातून पुढे जे संशोधन उभं राहिलं, ते आपल्या भाषणांत क्वचितच येतं.

2001 च्या डर्बन परिषदेत भारत सरकारची भूमिका होती की जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून इथे तिची चर्चा नको. आपले कार्यकर्ते तिथे जोरात भांडले, ते योग्यच होतं. पण दोन्ही एकच आहेत का, या प्रश्नात किती वर्षं अडकायचं? दोन्हींचा परिणाम एकाच मापाने मोजता येतो का, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

ते माप अमेरिकेत वापरलं गेलं. मरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे 5000 बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण 10 अर्जांमागे एक फोन आला, काळ्या वाटणाऱ्या नावाला 15 अर्जांमागे. हा अभ्यास 2004 साली छापून आला.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी तीच पद्धत इथे वापरली. ऑक्टोबर 2005 पासून 66 आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकरीच्या जाहिरातींना 4808 अर्ज गेले. शिक्षण सारखं, पण एक नाव उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. निष्कर्ष 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आले. फोन येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर उच्चवर्णीय नावासाठी 1 धरलं, तर दलित नावासाठी 0.67 निघालं. त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त मेरिट बघतो, असं सांगणारेच मुलाखतीत उमेदवाराला घरची पार्श्वभूमी विचारत होते. खासगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी करताना हाच पुरावा टेबलावर ठेवायला हवा.

आपल्याकडे हा अभ्यास कुणी सांगितलाच, तर 0.67 वर थांबतो. त्याच अभ्यासात मुस्लिम नावाचा आकडा 0.33 आहे. दलित नावाच्याही निम्मा. मी स्वतः एका शिबिरात हा अर्धाच आकडा सांगितला होता आणि समोर मुस्लिम पोरं बसलेली होती. याची लाज अजून वाटते.

काही जण म्हणतात, त्यांचं ते बघतील, आपली लढाई जातीची आहे. पण थोरातांनी तिसरं नाव वगळलं नाही. ते वगळलं असतं, तर नोकरी देणारा 'आपला माणूस' कसा शोधतो हे अर्धंच दिसलं असतं. (आदिवासी नाव या मोजणीत नव्हतं, ती उणीव आहेच.) बाळापूरसारख्या गावात, जिथे विहार आणि मशीद चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, एकजुटीची भाषा निवडणुकीपुरती येते आणि जाते. एकाच जाहिरातीला गेलेले तीन अर्ज मात्र शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतात.

त्या दोन पोरांनी बायोडाटे पूर्ण नाव-आडनावांसह पाठवले. कुठे पाठवले, कधी पाठवले, हे दोघांनी मिळून एका वहीत लिहून ठेवलंय. 11 जाहिराती झाल्या. बौद्ध पोराला एक फोन आला, दुसऱ्याच्या रकान्यात अजून काही नाही.