कथेतील कालगणना : कुरुक्षेत्रापासून हायरूलपर्यंत

कोणतीही मोठी कथा आपल्या पोटातील सगळा काळ सांगून टाकीत नाही. दोन प्रसंगांमधली वर्षे, दोन पिढ्यांमधले मौन, एकाच घटनेच्या दोन न जुळणाऱ्या हकिगती या जागा तशाच राहतात, आणि रसिक वाचक त्यांचा हिशेब मांडू लागतो. वर्सोव्यापासून मुलुंडपर्यंतच्या उपनगरांत साहित्य शिकणारी आजची पिढी हा हिशेब बहुधा व्हिडिओ गेमच्या संदर्भात मांडते. कोणता खेळ कालक्रमाने आधीचा, कोणता राजा कोणाचा पूर्वज, अमुक अवशेष कोणत्या युगातले, यावर ही मुले तासन्‌तास वाद घालतात. आपल्यापैकी बरेच अध्यापक याकडे वेळेचा अपव्यय म्हणून पाहतात. आम्हांला मात्र यात एका जुन्या वाचनपद्धतीचा वंशविस्तार दिसतो, आणि त्या वंशातील काही थोर नावे मराठी आहेत.

आधी खेळाकडे पाहू. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही निन्टेन्डो या जपानी कंपनीची मालिका १९८६ साली सुरू झाली. बहुतेक खेळांत लिंक नावाचा वीर, झेल्डा नावाची राजकन्या आणि हायरूल नावाचे राज्य असते. पण हे लिंक एकच नव्हेत, काही खेळांमध्ये शतकांचे अंतर असते. १९९८ च्या ‘ओकरिना ऑफ टाइम’मध्ये नायक काळात पुढेमागे जातो आणि अखेरीस बालपणात परत पाठवला जातो. मग त्याच्यामागे उरलेल्या भविष्याचे काय झाले? येथून काळाला दोन फाटे फुटले असावेत, असा तर्क खेळणाऱ्यांनी केला. २०११ च्या अखेरीस जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायरूल हिस्टोरिया’ या अधिकृत ग्रंथाने दोन नव्हे, तीन फाटे जाहीर केले. नायकाचा पराभव झाला असता तर, हा तिसरा. आणि १९८६ चा मूळ खेळ या तिसऱ्या फाट्यावर, पुष्कळ उशिराच्या काळात गेला. सर्वांत आधी सांगितलेली कथा काळाच्या जवळजवळ टोकाशी जाऊन बसली. पुढे २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ला कंपनीने सर्वांच्या शेवटी ठेवले, पण कोणत्या फाट्यावर ते सांगितले नाही. २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ने राज्यस्थापनेची नवीच हकिगत सांगून तर्कांना पुन्हा वाट करून दिली.

हा छंद व्हिडिओ गेमपेक्षा जुना आहे. १९११ साली रोनाल्ड नॉक्स यांनी ऑक्सफर्ड येथे शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला व बायबलच्या चिकित्सकांची सारी आयुधे या लोकप्रिय कथांवर चालवून दाखवली. डॉ. वॉटसनची युद्धातील जखम एका कथेत खांद्याला आणि दुसरीत पायाला आहे, अशा विसंगतींवर पुढे एक लहानसे शास्त्रच उभे राहिले. त्या शास्त्रात विनोद होता, पण शिस्तही होती : पुरावा फक्त कथेतूनच घ्यायचा.

आता आपल्याकडे वळू. महाभारतयुद्ध कोणत्या तिथीला सुरू झाले? उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो की सात दिवसांनी अमावास्या आहे, त्या दिवशी युद्ध जुंपावे. ही कार्तिक अमावास्या धरली तर दहाव्या दिवशी भीष्म पडले ते मार्गशीर्ष शुद्ध नवमीच्या सुमारास. शरशय्येवर अठ्ठावन्न रात्री काढल्याचे ते सांगतात. दोन चांद्रमास म्हणजे एकोणसाठ दिवस. तेव्हा त्यांचे निर्याण माघ शुद्ध सप्तमी-अष्टमीला येते. परंपरेने पाळलेली भीष्माष्टमी हीच. येथवर हिशेब चोख जुळला.

पण द्रोणपर्वातील चौदाव्या दिवसाची रात्र पाहा. अंधारात लढून थकलेले सैनिक रणांगणावरच झोपतात, आणि रात्र सरत आली असता चंद्र उगवतो. अमावास्येपासून मोजले तर ही शुद्ध त्रयोदशी. त्या रात्री चंद्र सूर्यास्तापूर्वीच आकाशात असतो. उत्तररात्री उगवणारा चंद्र वद्य पक्षाचा. शल्यपर्वात बलराम म्हणतो की पुष्य नक्षत्रावर मी यात्रेला निघालो आणि बेचाळिसाव्या दिवशी श्रवणावर परतलो. तो दिवस गदायुद्धाचा, म्हणजे अठरावा. चंद्राचा नक्षत्रफेरा सुमारे सत्तावीस दिवसांचा, आणि पुष्यापासून श्रवण चौदावे; बेरीज एकेचाळीस-बेचाळीस येते. बलरामाचे बोलणे आपल्यापुरते निर्दोष आहे. अठराव्या दिवशी श्रवण धरून मागे मोजले तर पहिला दिवस मृगशीर्षाच्या आसपास, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेच्या जवळ येतो, आणि चौदाव्या रात्रीचा उशिरा उगवणारा चंद्रही बरोबर बसतो. आता बिघडतो तो भीष्मांचा हिशेब. थोडक्यात, ग्रंथात दोन कालक्रम आहेत. दोन्हींना अंतर्गत पुरावा आहे आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. हायरूलच्या फाट्यांवर वाद घालणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हे कोडे ठेवावे. त्याला ते परके वाटणार नाही.

या कोड्याची ओढ मराठी विद्वानांना फार पूर्वीपासून आहे. मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे आणि काशीत स्थायिक झालेले नीलकंठ चतुर्धर यांनी सतराव्या शतकात ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. त्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवल्या आणि विसंगत स्थळांची संगती लावण्याचा यत्न केला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या पिढ्यांनी ग्रंथातील नक्षत्रांवरून थेट इतिहासातील साल काढायला घेतले. चिंतामण विनायक वैद्यांनी युद्धाचे साल इ.स.पू. ३१०१ मानले, केशव लक्ष्मण दफ्तरी यांनी इ.स.पू. ११९७ ठरवले, पद्माकर विष्णू वर्तकांनी इ.स.पू. ५५६१ तर सांगितलेच, वर १६ ऑक्टोबर ही तारीखही दिली. ग्रंथ एक, पुरावे बहुतांशी तेच, आणि उत्तरांत चार हजारांहून अधिक वर्षांचे अंतर. यांतील कोणाच्या व्यासंगाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अडचण पद्धतीत आहे. ग्रंथात दोन कालक्रम असताना एक निवडून दुसऱ्याला रूपक किंवा प्रक्षेप ठरवायचे, ही निवड अभ्यासक करतो, आकाश करीत नाही.

येथे महाभारत आणि व्हिडिओ गेम यांतला मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागतो. हायरूलच्या कालक्रमाला मालक आहे; तो ग्रंथ छापून निर्णय देऊ शकतो, पुढच्या खेळात बदलूही शकतो. महाभारताला असा मालक नाही. म्हणून प्रमाण काय, हे ठरवण्याचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला १९१९ पासून करावे लागले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकरांनी प्रमुख संपादकत्व स्वीकारले. १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे चाललेले चिकित्सक आवृत्तीचे हे काम १९६६ साली पूर्ण झाले. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही कथा, स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला नाकारल्याचा सर्वपरिचित प्रसंग, हे संहितेतून निघून परिशिष्टांत व तळटीपांत गेले. ते फेकून मात्र दिले नाहीत. प्रत्येक वगळलेली ओळ कोणत्या पोथीत आहे, हे पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात नोंदलेले आहे. पटले नाही तर वाचकाने स्वतः तपासावे, अशी ही व्यवस्था आहे.

त्याच परंपरेतून इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) आले. त्यातील ‘पितापुत्र?’ या लेखात, युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असेल काय, हा तर्क मांडला आहे. विदुर हा शापाने जन्मलेला यमधर्म. युधिष्ठिर धर्माचा पुत्र. धाकट्या दिराकडून नियोगाची रूढी. आणि आश्रमवासिकपर्वात मरतेवेळी विदुराचे युधिष्ठिराच्या देहात विलीन होणे. विखुरलेल्या जागा एकत्र आणून केलेले हे अनुमान आजच्या भाषेत एक उत्तम ‘फॅन थिअरी’ आहे, असे म्हणण्यात आम्हांला बाईंचा अवमान वाटत नाही. त्या लेखाचे खरे वैभव शीर्षकातील प्रश्नचिन्हात आहे. तर्क पूर्ण ताकदीने मांडलेला आहे, पण तो इतिहास म्हणून खपवलेला नाही.

हे प्रश्नचिन्ह गळून पडते तेव्हा काय होते, हे आज आपण रोज पाहतो. रामायण-महाभारताच्या नेमक्या तारखा भ्रमणध्वनीवरून फिरतात आणि त्यांवर शंका घेणारा श्रद्धेचा शत्रू ठरतो. अशा वेळी आमच्या वर्सोव्याच्या खाडीपलीकडचा, मढच्या टोकाला असलेला किल्ला उपयोगी पडतो. तो मराठ्यांनी १७३९ मध्ये, वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतला, हे आपण म्हणतो ते पेशवे दफ्तरातील पत्रे आणि पोर्तुगीजांच्या नोंदी अशा परस्परविरोधी पक्षांच्या कागदांवरून. कथेबाहेरचा साक्षीदार असणे ही इतिहासाची अट आहे. कथेच्या कालक्रमाला आतली सुसंगती पुरते. पण म्हणून ती सुसंगती साक्षीदाराची जागा घेऊ शकत नाही.

पुराणे आता स्वतःच व्हिडिओ गेम होऊ लागली आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’मध्ये भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात, आणि तिच्यापुढे महाबलासुर उभा असतो. अशा खेळांतून परंपरा प्रथमच भेटणारी मुले आपल्या वर्गात येत आहेत व येतील. त्यांना तर्क करण्यापासून परावृत्त करू नये. त्यांना पोथ्यांची तळटीप वाचायला द्यावी, चौदाव्या रात्रीचा चंद्र मोजायला लावावा, आणि उत्तर सापडल्यावर त्यापुढे कोणते चिन्ह द्यायचे, याचा विचार करायला सांगावे. साहित्याच्या अध्यापकाकडे देण्यासारखे याहून अधिक मोलाचे फारसे काही नाही.