बंदूक पाठीवर की खांद्याला?

परवा राजवाड्यासमोरच्या शोभायात्रेत आमचा नातू होळकरांचा शिपाई झाला होता. डोक्यावर पागोटं, लाकडी बंदूक खांद्याला टेकवून ताठ उभी धरलेली. मला एकदम बाबा आठवले.

राजवाडा १९८४ मध्ये जळाला, त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. पाचवीत होतो. दसऱ्याच्या कार्यक्रमात मीही बंदूक अशीच धरली. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "हा होळकरांचा स्वार आहे की गोऱ्यांचा शिपाई?" लोक हसले. त्यानंतर मी कधी वेश केला नाही.

बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. स्वाराच्या एका हातात लगाम, दुसऱ्यात भाला किंवा तलवार. मग लांब नळीची तोड्याची बंदूक पट्ट्यानं पाठीवरच तिरकी टाकायची, नळी वर. नळी खाली गेली आणि ठासण सैल पडली, तर गोळी घसरायची भीती. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवलेली सुताची वात. ती पेटलेली असली की दारूचं शिंग जपावं लागे. हा खेळ सोपा नव्हता हो. खुद्द यशवंतराव होळकरांचा एक डोळा बंदूक फुटून गेला.

पण बाबा अर्धंच सांगत. शिंद्यांकडचं पाहून तुकोजीराव होळकरांनी दुद्रनेक या फ्रेंच माणसाकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या द बॉयनने त्या मोडल्या, तरी पद्धत राहिली. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरलाही होळकरांकडे पलटणी होत्याच. रांगेत खांद्याला खांदा लावून चालायचं, तर संगिनीची बंदूक पाठीवर आडवी कशी टाकणार? शेजाऱ्याच्या तोंडावरच बसेल. म्हणून ती खांद्याला उभी.

पुढे १८७१ मध्ये इंग्रजी फौजेनं मार्टिनी-हेन्री घेतली. चापाखालचा दांडा ओढायचा, मागून काडतूस घालायचं. गोळी घसरायचा प्रश्नच मिटला. असली बंदूक खोगिराच्या चामडी म्यानात तोंड खाली करून ठेवली तरी चाले. अमेरिकेत विंचेस्टरच्या आखूड बंदुकीला तर पट्ट्यात अडकवायला बाजूला कडीच असे.

एवढं सगळं नातवाला सांगितलं आणि विचारलं, "मग तू कोण? स्वार की पलटणीतला?"

तो म्हणाला, "आजोबा, घोडा कुठे आहे माझ्याकडे?"

पन्नास वर्षांपूर्वी मला हे सुचलं असतं तर!