तिकीट फेकू नका!

मुकुटबनहून वणीला एसटीनं निघालात, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, हात मोडला. आता जबाबदार कोण?

१९३९ चा मोटार वाहन कायदा आला, तरी भरपाईसाठी दिवाणी दावाच लावावा लागे. १९५६ च्या दुरुस्तीनं वेगळी न्यायाधिकरणं आणली. पण चूक सिद्ध करायची जखमीनंच. १९८२ मध्ये चित्र बदललं : कायमचं अपंगत्व आलं, तर कुणाचीही चूक न दाखवता तेव्हा ७,५०० रुपये मिळू लागले. त्याहून जास्त हवे, तर तेव्हा चूक दाखवावी लागे. ती ड्रायव्हरची ठरली, की पैसे भरणार महामंडळ.

१९९४ पासून दावा आपल्या राहत्या भागातही लावता येतो. २०२२ पासून मात्र कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणून तिकीट, पोलीस नोंद, दवाखान्याचे कागद जपा!