घराची भुई : सारवणापासून फरशीपर्यंत

श्रोतेहो, उन्हाळ्यात रान मोकळे झाले की घराच्या डागडुजीचे बेत निघतात. यंदा फरशी टाकायचीच, असे ठरते. आणि कोणती टाकायची, यावर घरात दोन तट पडतात. म्हाताऱ्या माणसांना शहाबादी हवी असते, तरण्यांना चकचकीत टाइल. वाद आजचा खरा, पण त्याची मुळे आपल्या जिंतूर भागाच्या मातीत आणि दगडात फार खोल गेलेली आहेत.

आधी माती पाहू. आपल्या पूर्वजांनी गावच्या जमिनीला दोन नावे दिली होती. वस्ती ती पांढरी आणि शेत ते काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्या भेगांत हात सहज जातो. कापसाला ती मानवते, घराला मानवत नाही. म्हणून घर पांढरीवर, भिंती पांढऱ्या मातीच्या आणि डोक्यावर धाबेही त्याच मातीचे. खालची भुई करताना जोत्यात मुरूम भरायचा, पाणी मारायचे, धुमसाने ठोकायचे, वर मातीचा थर देऊन तो चोपायचा आणि मग शेणाने सारवायचे. अशा भुईत जमिनीची ओल वर येई, पण ती एका जागी साचत नसे. सगळ्या घरभर हळूहळू उडून जाई. भिंत आणि भुई एकाच मातीच्या, दोघींचा स्वभाव एक.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग सारवणच बरे! नाही, मंडळी. सारवणाचे कौतुक करणाऱ्याने आठ दिवस पोतेरे हाती धरून पाहावे. दर दोन-चार दिवसांनी गुडघ्यांवर बसून अख्खे घर सारवायचे, ते घरातल्या बाईने. शिवाय रांगणारे मूल त्याच भुईवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. मेक्सिको देशात कोआविला नावाच्या प्रांतात २०००च्या सुमारास गरिबांच्या मातीच्या भुईच्या घरांत सरकारने सिमेंटची जमीन करून दिली. पुढे अभ्यासकांनी हिशेब केला, तेव्हा जिथे संपूर्ण घराची भुई सिमेंटची झाली तिथे मुलांच्या पोटातील जंतांचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे दिसले. आयांचे समाधानही वाढले होते. तेव्हा पक्की जमीन हवी, हे निश्चित.

मग आपल्याकडे दगड मुबलक असताना घरोघरी फरशी का नव्हती? आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्याचे आपसूक पापुद्रे निघत नाहीत. सपाट चिरा हवा तर छिन्नीने तासत बसावे लागते. आपल्या तालुक्यातील चारठाण्याची जुनी देवळे ज्यांनी पाहिली असतील त्यांना या कामाची मेहनत सांगायला नको. (शिक्षकबंधूंनी मुलांची सहल तिथे अवश्य न्यावी आणि वर कोरीव खांबांकडे पाहून झाले की एकदा पायाखालीही पाहावे.) अशी मेहनत देवळाला परवडे, एखाद्या वाड्याला परवडे. कुणब्याच्या घराला कुठून परवडणार?

शहाबादचा दगड निराळा. तो गुलबर्गा भागातला चुनखडीचा दगड. प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला, आपल्या काळ्या दगडाच्याही कितीतरी आधीचा. पहार घातली की थर सुटतो आणि जवळजवळ तयार फरशी हाती येते. १८७१ साली मुंबईहून रायचूरला जाणारी रेल्वे पुरी झाली, ती शहाबादवरूनच. १९००च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद मार्ग झाला आणि परभणीला स्टेशन आले. जिंतूरला रेल्वे नाही. परभणीहून सुमारे चाळीस किलोमीटरची वाट. पण १९४८पर्यंत शहाबाद आणि जिंतूर एकाच निजामी राज्यात होते. जो दगड पूर्वी दूर देशीचा वाटे तो असा आवाक्यात आला. गंमत म्हणजे ‘फरशी’ हा शब्द अरबी ‘फर्श’वरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ अंथरण्याची वस्तू! दगडाचे अंथरूण म्हणावे, इतका उन्हाळ्यात तो अंगाला गार लागतो. एक दोष मात्र आहे. चुनखडी असल्यामुळे लिंबू, चिंच, आंबट ताक सांडले की पांढरे डाग पडतात.

सिमेंटच्या रंगीत टाइलचे कारखाने मुंबई परिसरात १९२२च्या सुमारास निघाले. स्वदेशीचा तो काळ होता. नंतर मोझेक आली, आणि आता भट्टीत भाजलेल्या गुळगुळीत टाइल. शहाबादीला जुनाट म्हणायची रीत पडली ती याच टाइलमुळे.

आम्हीही तसे म्हणालो. माझ्या घराच्या मातीच्या भिंती दीड हात जाडीच्या. माजघरात शहाबादी टाकू, असे वडील म्हणत होते. मी त्यांचे ऐकले नाही. खाली सिमेंट आणि वर चकचकीत टाइल घालून घेतली. पहिल्याच पावसाळ्यात भिंती कमरेपर्यंत ओल्या झाल्या, पोपडे सुटले, धान्याच्या कणगीला बुरशी आली. जमिनीची ओल पूर्वी घरभर उडत होती. आता टाइलने तिची वाट बंद केली, तेव्हा ती उरलेल्या एका वाटेने, म्हणजे भिंतीतून, वर चढली. आई त्याच जमिनीवर ओल्या पायाने घसरली, ते वेगळेच.

ज्यांचे घर विटा-सिमेंटचे आहे आणि जोत्यात ओल अडवणारा थर आहे, त्यांनी खुशाल टाइल घालावी. न्हाणीत आणि ओसरीवर तेवढी खरखरीत घ्यावी. गावठाण सोडून ज्यांनी काळीवर घर बांधले आहे, त्यांनी फरशीच्या दुकानात जाण्याआधी खालची काळी माती उपसून मुरूम भरावा आणि थराथराने धुमसावा. तेवढे केले नाही तर शहाबादी काय नि संगमरवर काय, दोन पावसाळ्यांत भेग पडायचीच.

आम्ही माजघरातल्या टाइल उपटल्या. मुरूम ठोकून त्यावर शहाबादी बसवली आणि दरजा चुन्याने भरल्या. गवंडी सिमेंट घालायला निघाला होता, पण वडील या खेपेला स्वतः खुर्ची टाकून बसले होते. भिंत वाळायला दोन उन्हाळे लागले. उपटलेल्या टाइलपैकी शाबूत निघालेल्या न्हाणीच्या भिंतीला लावल्या आहेत, आणि तिथे त्या छान टिकल्या आहेत.