घर पाहावे भाड्याने घेण्यापूर्वी

मंडळी, आजचा धागा भिंतीवरच्या एका तड्याविषयी. नव्या भाड्याच्या घरात शिरताना तो दिसतो, आपण दुर्लक्ष करतो, आणि घर सोडताना त्याचा खर्च अनामत रकमेतून वळता होतो. तडा आधीचाच होता, हे सिद्ध कोणी करायचे?

प्रश्न जुना आहे. इ.स.पू. ४४ च्या एप्रिलमध्ये रोमचा विख्यात वक्ता सिसेरो आपल्या ॲटिकस या मित्राला कळवतो की, आपले दोन गाळे कोसळले, इतरांना तडे जात आहेत, आणि भाडेकरूच नव्हे तर उंदीरही पळाले आहेत. मालकाला असा विनोद परवडतो! रोमन कायदा मात्र भाडेकरूला अगदीच वाऱ्यावर सोडत नव्हता. शेजाऱ्याच्या बांधकामाने खोलीचा उजेड अडला, तर भाडेकरू घर सोडू शकत असे, इ.स. ५३३ मध्ये जस्टिनियनने प्रसिद्ध केलेल्या ‘डायजेस्ट’मध्ये हे नमूद आहे.

पुराव्याचा पेच १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने रोखठोकपणे सोडवला. घराच्या स्थितीची लेखी नोंद झाली असेल, तर त्या नोंदीप्रमाणे घर परत करावे. काळाने जे झिजले ते वगळून. नोंदच नसेल, तर भाडेकरूच्या वाट्याच्या दुरुस्त्यांपुरते घर सुस्थितीतच मिळाले होते असे गृहीत धरले जाई. उलट सिद्ध करण्याचा भार भाडेकरूवर. एक न लिहिलेला कागद इतका महाग!

आपल्याकडे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यात १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याचे कलम १०८ मुळातून वाचण्यासारखे आहे. वेगळा करार वा स्थानिक रूढी नसेल, तर मालकाला ठाऊक असलेला, भाडेकरूला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष मालकाने सांगितलाच पाहिजे. भाडेकरूनेही ताबा घेताना होते तशा स्थितीत घर परत द्यावे. वाजवी झीज माफ. अर्थात, उघड दिसणारा दोष हेरणे हे भाडेकरूचेच काम.

(आजचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ हा भाडेपट्टा नव्हे, परवाना आहे. त्यामुळे हे कलम त्याला थेट लागू होत नाही. तिथे करारात काय लिहिले आहे याला विशेष महत्त्व येते.)

आणि ओलीवर कालच सफेदी मारलेली असेल तर? माझ्या मते तो दोष मालकाच्या बाजूचा. पावसाळ्यात ती ओल पुन्हा वर येतेच.