ओस पडलेली मंडळी पुन्हा कशी भरते?

श्रोतेहो, 'मंडळी' हा शब्द आपण रोज वापरतो. लग्नाला मंडळी जमतात, घरची मंडळी गावाला गेलेली असतात. मराठी ख्रिस्ती समाजात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. एका गावात किंवा वस्तीत एकत्र उपासना करणाऱ्या लोकांना ते 'मंडळी' म्हणतात आणि त्यांची काळजी वाहणाऱ्याला 'पाळक'. आज अशा मंडळींच्या चढउतारांविषयी आपल्याशी बोलायचं आहे.

आमच्या बीड जिल्ह्याच्या इतिहासात कंकालेश्वराचं मंदिर येतं, अंबाजोगाईचे मुकुंदराज येतात, निजामाची राजवट येते. ख्रिस्ती समाज सहसा येत नाही, कारण तो संख्येनं फार लहान आहे. पण एखाद्या रविवारी तुम्ही अशा लहान मंडळीच्या उपासनेला गेलात, तर पुढच्या सतरंजीवर म्हातारी माणसं दिसतील, मागं थोडी लहान मुलं दिसतील आणि मधली पिढी कमी दिसेल. पाळकांच्या बोलण्यात एक चिंता हमखास येते. आपल्यामागं इथं दिवा कोण लावणार? हा प्रश्न फक्त ख्रिस्ती मंडळींचा नाही. गावोगावची भजनी मंडळं आणि वाचनालयंही तो विचारत आहेत. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, म्हणून मला विचारावंसं वाटतं, की हे पूर्वी कधी घडलं होतं का? आणि तेव्हा काय केलं गेलं?

यासाठी शेजारी पाहावं लागतं. बीडच्या पश्चिमेला नगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. उत्तरेला गोदावरी ओलांडली की जालना. या दोन्ही ठिकाणी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मंडळी स्थापन झाल्या.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली नगरला. नगरची पहिली मंडळी 1833 साली स्थापन झाली. शाळा निघाल्या, छापील पुस्तकं आली, 1842 साली 'ज्ञानोदय' सुरू झाला. पण मंडळी काही वाढेना. पैसा, शिक्षण, छापखाना सगळं होतं, आणि सगळा कारभार परदेशी माणसाच्या हातात होता. उपासना चालवणारा गोरा, निर्णय घेणारा गोरा. देशी माणूस फार तर त्याचा मदतनीस.

हे कोडं पाहायला 1854 साली अमेरिकेहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन आले. त्यांचा आग्रह असा, की मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. तिचा पाळक तिच्यातला असावा, खर्च तिनं उचलावा आणि पुढचं कामही तिनंच करावं. त्याच वर्षी नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर काम शहरातून खेड्यांकडं वळत गेलं. अँडरसन यांच्या धोरणाचा एक तोटाही झाला. इंग्रजी शाळांवरचा भर कमी झाला आणि त्याबद्दल पुढं पुष्कळ वाद झाले. पण एक गोष्ट पक्की झाली. खेड्यातल्या महारवाड्यात आणि मांगवाड्यात मंडळी उभी राहायची, तर तिथल्याच बोलीत बोलणारा माणूस हवा.

जालन्याची गोष्ट याच्या पुढची आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, 1843 साली ख्रिस्ती झालेले. त्यांनी 1860 नंतरच्या काळात निजामाच्या मुलखात जालन्याला काम सुरू केलं. त्यांच्या लक्षात आलं, की बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचं पोट गावाशी बांधलेलं आहे. बलुतं बंद झालं, पाणवठा बंद झाला, तर तो टिकणार कसा? म्हणून त्यांनी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ 'बेथेल' नावाची वसाहत वसवली. तिथं विहीर होती, शेती होती, कारागिरी होती. उपासनेइतकंच महत्त्व भाकरीला दिलं गेलं, आणि ती भाकर दान म्हणून आलेली नव्हती, कष्टाची होती.

हा फरक मोठा आहे, कारण पुढं दान म्हणून भाकर आली तेव्हा काय झालं, तेही आपल्यापुढं आहे. 1876 ते 1878 चा दुष्काळ, मग 1896-97 चा आणि लगेच 1899-1900 चा. नगर, बीड, सोलापूर हा सगळा पट्टा होरपळला. मिशनांनी अन्नछत्रं उघडली, खडी फोडायची कामं काढली, अनाथ मुलं सांभाळली. नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांना त्या कामाबद्दल सरकारनं 'कैसर-ए-हिंद' पदक दिलं. या काळात मंडळींची संख्या भराभर वाढली. पण ही वाढ श्रद्धेची की उपाशी पोटाची, हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारला आणि मिशनमधल्या विचारी माणसांनीही विचारला. पुराचं पाणी नदीत राहत नाही. तसे काही आलेले लोक परतही गेले. मात्र भुकेपोटी आलेल्या सगळ्यांना खोटं ठरवणं अन्यायाचं होईल. ज्याला गावानं कधी ओसरीवर येऊ दिलं नाही, त्याला कुणी जवळ बसवून जेवू घातलं, तर त्याच्या मनात काय घडलं असेल, ते नोंदवहीत सापडत नाही.

मग पूर ओसरल्यावर जे राहिले, ते कशानं राहिले? माझ्या मते याचं मोठं उत्तर गाण्यात आहे.

सुरुवातीच्या उपासनेत पुष्कळ गीतं भाषांतरित होती आणि चाली इंग्रजी. शब्द मराठी, पण ठेका परका. ज्याच्या कानात जन्मापासून ओवी आणि अभंग, त्याची जीभ त्या चालीत अडखळायची. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवींनी देशी चालीची पदं आणि कीर्तनं रचली. ख्रिस्ती कीर्तनकार उभे राहू लागले. आणि मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला आणि नंतरची बरीच वर्षं त्यांनी नगरला काढली. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेनं आपण ख्रिस्ताकडं आलो, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी शेकडो भक्तिगीतं लिहिली. मराठी उपासनेत टाळ-मृदंग शोभतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आजही मराठी मंडळींच्या 'उपासना संगीत'मध्ये त्यांची गीतं आहेत आणि निरक्षर आजीलाही ती पाठ असतात.

टिळक एवढ्यावर थांबले नाहीत. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. पगारी माणसांवर चालणारी मंडळी परक्यांची वाटत राहते, हे त्यांचं दुखणं होतं. 9 मे 1919 रोजी ते गेले आणि दरबाराला पुरेसा काळ मिळाला नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता.

याच काळात केडगावला पंडिता रमाबाई होत्या. दुष्काळातल्या मुली आणि विधवांना त्यांनी मुक्तिसदनात आणलं. 1905 साली तिथं प्रार्थनेची मोठी लाट उठली आणि तिचा बोलबाला परदेशांतही झाला. मला त्या लाटेपेक्षा रमाबाईंचं नंतरचं काम अधिक मोलाचं वाटतं. बायबलचं मराठी साध्या बायकांना जड जातं, म्हणून त्यांनी मूळ भाषा शिकून सोपं भाषांतर केलं आणि ते मुक्तिसदनातल्या बायकांच्या हातून छापून घेतलं. लाट येते आणि जाते, पण वाचता येणारं पुस्तक घरात राहतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. परदेशी मिशनरी आणि त्यांचा पैसा हळूहळू कमी झाला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना मिळाल्या नाहीत. 2007 साली रंगनाथ मिश्रा आयोगानं ही अट काढावी अशी शिफारस केली, 2022 साली पुन्हा न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. याचा गावपातळीवरचा अर्थ समजून घ्या. मुलाच्या दाखल्यावर काय लिहायचं, हा बापापुढचा पेच असतो. श्रद्धा एक आणि कागद दुसरा, असं होतं. म्हणून जनगणनेतला आकडा पाहून कुणी मंडळी वाढली किंवा आटली म्हणू लागला, तर तो अर्धंच पाहतो आहे.

त्यातच 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. ज्या समाजातून नगर-मराठवाड्याच्या मंडळी वाढल्या होत्या, त्याला स्वाभिमानाचा नवा रस्ता मिळाला. ख्रिस्ती मंडळींनीही आपल्याला प्रश्न विचारावा असा तो क्षण होता, कारण महार आणि मांग यांच्यातली दरी कित्येक ठिकाणी चर्चच्या दारातही मिटली नव्हती.

तरीही माणसं जमत राहिली, ती कुठं? श्रीरामपूरजवळच्या हरेगावला. साखर कारखान्याच्या या गावात 1949 पासून दर सप्टेंबरात मतमाऊलीची यात्रा भरते. ती कॅथलिकांची आहे, पण तिथं सगळ्या धर्मांचे लोक येतात, मराठवाड्यातूनही येतात. माणसं पायी येतात, नवस फेडतात, पाळण्यात बसतात, भेळ खातात. मराठी माणसाला देव भेटायला जत्रा लागते, हे तिथं कुणीतरी ओळखलं.

आता आमच्या जिल्ह्याकडं येतो. बीड म्हणजे ऊसतोडीचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले लाखो लोक, नवराबायकोचा एक कोयता करून, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ते परततात पाडव्याच्या आगेमागे. या माणसांत सगळे धर्म आहेत. आता ख्रिस्ती पंचांग याच्याशेजारी ठेवून पाहा. नाताळ येतो ऐन हंगामात, माणसं फडात असताना. ईस्टर येतो मार्च-एप्रिलमध्ये, माणसं परतत असताना. मंडळीचा मोठा सण आणि मोठा खर्च नाताळाला, तर गावात त्या वेळी राहिलेल्या असतात म्हाताऱ्या आणि लेकरं. मग बाक रिकामे दिसतात यात नवल काय?

म्हणून उपाय विचाराल, तर जुन्या अनुभवातून तीन गोष्टी हाती येतात. पाळक आपल्यातला आणि आपल्या खर्चानं चालणारा असावा. गाणं आपल्या ठेक्याचं असावं. आणि उपासनेचा दिवस माणसांच्या कामाच्या दिवसांशी जुळवलेला असावा. कोपीपर्यंत जाणारा पाळक, उन्हाळ्यात मांडवाखाली होणारा मेळावा, मागं राहिलेल्या लेकरांच्या अभ्यासाची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय, हे करायला परदेशी देणगी लागत नाही. लेकरांची सोय करताना त्यांची जात आणि धर्म विचारायची गरजही नसावी.

बीडला आगगाडी पोहोचायला 2025 साल उजाडलं. आता नगरला जाणं सोपं झालं आहे, आणि तिथून पुण्याला कामासाठी निघून जाणंही. मधली पिढी त्याच गाडीत बसून जाईल. तिनं सणाला तरी परत यावं असं वाटत असेल, तर सण कधी आणि कसा करायचा, हे मंडळींनी तिला विचारून ठरवलेलं बरं.