अत्याचार व दुर्लक्ष सोसलेल्या मुलांसाठी शैक्षणिक सुट्टी

मारहाण, लैंगिक शोषण, मानसिक छळ किंवा सततची हेळसांड सोसलेल्या मुलांना काही दिवस सुरक्षित ठिकाणी नेऊन खेळ, निसर्गनिरीक्षण, हस्तकला, साहसी उपक्रम व सामूहिक जीवन यांच्याद्वारे शिकण्याची संधी देणाऱ्या निवासी उपक्रमास शैक्षणिक सुट्टी असे म्हणतात. हा उपक्रम मानसोपचार किंवा कायदेशीर संरक्षण यांची जागा घेत नाही. तो त्यांना पूरक असतो. सहल किंवा उन्हाळी शिबिर यांच्याशी त्याचे बाह्य साम्य असले, तरी मुलांची निवड, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण आणि सुरक्षेचे नियम यांबाबत तो वेगळा ठरतो.

इतिहास

या कल्पनेचे मूळ एकोणिसाव्या शतकातील सुट्टी वसाहतींत आढळते. १८७६ मध्ये झुरिच येथील धर्मोपदेशक हेर्मान वाल्टर बिओन यांनी शहरातील ६८ गरीब मुलांना ॲपेनझेलच्या डोंगराळ भागात नेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विलार्ड पार्सन्स यांनी पेनसिल्व्हेनियातील आपल्या गावकऱ्यांना न्यूयॉर्कमधील मुलांना घरी ठेवून घेण्याचे आवाहन केले. त्यातून ‘फ्रेश एअर फंड’ ही संस्था उभी राहिली. लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत सॅम्युएल व हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने असेच काम आरंभले आणि १८८४ मध्ये ‘चिल्ड्रन्स कंट्री हॉलिडेज फंड’ स्थापन झाला.

आरंभीच्या या उपक्रमांचा भर स्वच्छ हवा, सकस अन्न व प्रकृतीची सुधारणा यांवर होता. घरात होणारा छळ हा तेव्हा स्वतंत्र प्रश्न मानला जात असे. लंडनमध्ये बालकांवरील क्रूरतेच्या प्रतिबंधासाठीची संस्थाही १८८४ मध्येच स्थापन झाली आणि १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये त्याविषयी कायदा झाला. हे दोन प्रवाह पुढे दीर्घकाळ समांतरच वाहत राहिले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शहरांतील मुलांना ग्रामीण भागात हलविण्यात आले. घरापासूनच्या या ताटातुटीचे परिणाम डोनाल्ड विनिकॉट यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी जवळून पाहिले. चांगली जागा व पुरेसे अन्न मिळाले तरी विश्वासाची व्यक्ती नसल्यास मूल स्वस्थ होत नाही, हा विचार या काळात बळावला. १९६२ मध्ये हेन्री केम्प व सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणांविषयीचा प्रबंध अमेरिकी वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर बालछळाकडे वैद्यकीय व सामाजिक समस्या म्हणून पाहिले जाऊ लागले. अशा मुलांच्या विशिष्ट गरजांसाठी शिबिरेही पुढे निघाली. उदाहरणार्थ, १९९५ मध्ये लिन प्राइस यांनी अमेरिकेत स्थापन केलेली ‘कॅम्प टू बिलाँग’ ही संस्था प्रतिपालक कुटुंबांत विभागल्या गेलेल्या भावंडांना शिबिरात एकत्र आणते.

शैक्षणिक विचार

सतत धोक्यात वाढलेल्या मुलाचे लक्ष धोक्याची चाहूल घेण्यात गुंतलेले असते. त्यामुळे वर्गात एकाग्र होणे, प्रश्न विचारणे किंवा चूक करण्याचे धाडस करणे त्याला जड जाते. म्हणून शिबिराचा पहिला पाठ अभ्यासक्रमातील नसून दिनक्रमातील असतो. जेवण ठरल्या वेळी मिळते, दिलेला शब्द पाळला जातो आणि चूक झाली तरी मार बसत नाही, याचा अनुभव मुलाला रोज येतो.

या पायावर इतर शिक्षण उभे राहते. स्वयंपाकात मोजमाप येते, रानात फिरताना नकाशावाचन येते, तर भिंत चढताना किंवा होडी वल्हवताना परस्परांवर विसंबणे येते. एखाद्या उपक्रमात भाग न घेण्याचा मुलाचा निर्णयही मान्य केला जातो; कारण स्वतःच्या शरीराविषयी ‘नाही’ म्हणता येणे हे अशा मुलासाठी महत्त्वाचे शिक्षण असते.

सुरक्षा

कार्यकर्त्यांची पार्श्वभूमी तपासणे, कोणत्याही प्रौढाने मुलासोबत बंद खोलीत एकटे न राहणे आणि झोपण्याची व स्नानाची स्वतंत्र व्यवस्था ही मूलभूत पथ्ये होत. रात्रीचा अंधार, मोठा आवाज किंवा अनपेक्षित स्पर्श यांमुळे जुना आघात जागा होऊ शकतो, याची जाणीव कार्यकर्त्यांना दिली जाते. साहसी खेळांचे नियमनही आवश्यक ठरते. १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम उपसागरात होड्या उलटून चार किशोरवयीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९९५ मध्ये अशा केंद्रांसाठी तेथे कायदा करण्यात आला.

सुरक्षित वातावरणात मूल प्रथमच आपल्यावरील अत्याचाराविषयी बोलण्याची शक्यता असते. अशा वेळी शांतपणे ऐकणे, उत्तर सुचविणारे प्रश्न न विचारणे, मुलाचे शब्द जसेच्या तसे नोंदविणे आणि गुप्ततेचे खोटे वचन न देणे अपेक्षित असते.

भारतातील कायदेशीर चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत छळापासून संरक्षण (कलम १९), विश्रांती व खेळ (कलम ३१) आणि छळानंतरचे पुनर्वसन (कलम ३९) हे हक्क नमूद आहेत. भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची प्रकरणे बाल कल्याण समितीपुढे येतात. त्याच अधिनियमाचे कलम ७४ अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. त्यामुळे शिबिराची छायाचित्रे निधिसंकलनासाठी वापरताना विशेष सावधगिरी लागते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ अन्वये अशा अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे व हे बंधन शिबिरातील कार्यकर्त्यांनाही लागू होते. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झालेली १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा देशभर उपलब्ध आहे.

मर्यादा व टीका

आठवडाभराच्या आनंदानंतर मूल त्याच परिस्थितीत परतणार असेल तर त्याची निराशा वाढू शकते, हा मुख्य आक्षेप होय. नव्याने जुळलेले नाते एकाएकी तुटल्यास ज्याला पूर्वी टाकून दिले गेले, त्या मुलाला तोच अनुभव पुन्हा येतो. शिवाय शिबिराच्या शेवटी दिसणारा उत्साह आणि टिकाऊ बदल यांत फरक करणे कठीण असते. या कारणांमुळे निरोपाची पूर्वतयारी, शाळा व पालनकर्ते यांच्याशी संपर्क आणि वर्षभरातील पुनर्भेटी यांना उपक्रमाचाच भाग मानण्याकडे कल दिसतो.